समारोपाचं गाणं

मी बोलत होते आणि माणसं उठून चालली होती.

चोरून नाही. हसून, मान हलवून, खुर्ची नीट मागे सरकवून. तसा नियमच होता. सकाळी केतकीताईंनी तो माईकवर सांगितला होता. हे खुलं संमेलन आहे. इथे अध्यक्ष नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, छापलेली कार्यक्रमपत्रिका नाही. ज्याला जे बोलायचं त्याने कार्डावर विषय लिहून भिंतीवर लावायचा. ज्यांना ऐकावंसं वाटेल त्यांनी त्या खोलीत जाऊन गोल करून बसायचं. आणि जिथे आपल्याला काही मिळत नाही असं वाटेल, तिथून खुशाल उठायचं. त्यात कुणाचा अपमान नाही, असं त्या म्हणाल्या होत्या.

माझा झाला.

जळगावातल्या एका कॉलेजात ते संमेलन होतं, शिक्षकांसाठी. केतकीताई तिथल्याच एका मोठ्या व्यापारी घरातल्या. शिक्षणावर काम करणारी त्यांची संस्था आहे. मी पिंपळनेरच्या पुढे, डोंगरातल्या एका आश्रमशाळेत पहिली-दुसरीला शिकवते. मी भिल्लाची. अशाच शाळेत शिकून मोठी झाले. मुख्याध्यापक म्हणाले, तुम्ही जा मॅडम, तुम्हाला बोलता येतं. मी इस्त्रीची साडी नेसून एसटीत बसले.

गळ्यातल्या बिल्ल्यावर फक्त नाव लिहायचं होतं. आडनाव नाही, हुद्दा नाही. इथे सगळे सारखे. मला ते फार आवडलं. मग चहाच्या रांगेत एका मॅडमनी माझा बिल्ला वाचला आणि विचारलं, मूळच्या कुठल्या तुम्ही. मी गाव सांगितलं.

"अच्छा, म्हणजे ट्रायबल," त्या म्हणाल्या आणि शेजारच्या बाईंना बोलावून मला दाखवलं.

तरी मी कार्ड लावलं. मोठ्या अक्षरात लिहिलं : मूल वर्गात गप्प का बसतं? माझ्या खोलीत आठ-दहा जण आले. मी ठरवून गेले होते. जे आजवर कुणाला सांगितलं नाही, ते सांगायचं.

पहिलीत होते तेव्हाची गोष्ट. घरात आमची बोली. शाळेत पुस्तकातली मराठी, ती मला कळत नव्हती. गुरुजींनी सांगून ठेवलेलं, लघवीला जायचं तर शुद्ध भाषेत विचारायचं. एक दिवस मला राहवेना. उभी राहिले आणि येत होतं तसं विचारलं. वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, "माणसांच्या भाषेत विचार."

मला माणसांची भाषा येत नव्हती. मी खाली बसले. थोड्या वेळाने फरशी ओली झाली. ती गुरुजींनी मला माझ्याच फ्रॉकने पुसायला लावली. तोच फ्रॉक घालून मी शाळा सुटेपर्यंत बसले. त्यानंतर वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही. पोरगी मंद आहे, असं गुरुजी सगळ्यांना सांगायचे.

हे सगळं सांगायचं होतं. सांगता आलं ते एवढंच, की मी उभी राहिले. तेसुद्धा घाबरून तोंडातून निघालं, "मी उभी ऱ्हायनू." समोरचे दोन तरुण एकमेकांकडे बघून हसले. पलीकडच्या खोलीत मोबाईल ॲपवर काहीतरी चाललं होतं, तिथून टाळ्या ऐकू आल्या. आधी ते दोघे उठले. मग चहाच्या रांगेतल्या मॅडम. मग बाकीचे. माझं वाक्य तोंडातच राहिलं. सावद्याचे एक सर तेवढे उरले होते. ते मोबाईलमध्ये होते. वर बघितलं, रिकाम्या खुर्च्या दिसल्या, तसे हात जोडून म्हणाले, ताई, मला तिकडे बोलावलंय.

मी खुर्च्या सरळ रांगेत लावत बसले. कुणी आत डोकावलं तर काहीतरी काम करतेय असं दिसावं म्हणून.

संध्याकाळी समारोप. सगळे मोठ्या हॉलमध्ये गोल बसलो. केतकीताई गोड आवाजात म्हणाल्या, "आता पिंपळनेरच्या आपल्या ताई त्यांच्याकडचं एक गाणं म्हणतील."

मला कुणी विचारलं नव्हतं. तरी मी उठले. का उठले, हे मी स्वतःला कितीदा विचारलं असेल. कुणीतरी आपल्याला बोलावतंय, एवढ्यानेच उठले असेन. डोकं रिकामं होतं. एकच गाणं आठवलं. त्या पावसाळ्यात माझी चुलती गेली होती. तिला अंगणात ठेवलेलं असताना बायांनी म्हटलेलं ते गाणं. मी तेच म्हटलं.

त्यांनी ठेका धरला. मेलेल्या बाईच्या गाण्यावर दीडशे-दोनशे माणसं टाळ्या वाजवत होती. सकाळी माझ्या खोलीतून उठून गेलेले ते दोन तरुण व्हिडिओ काढत होते. शेवटपर्यंत काढला. आणि मी हसले. ते हसणं त्या व्हिडिओत आहे.

ओल्या फरशीची लाज मला गुरुजींनी दिली होती. हे हसणं माझं होतं.

घरी गेल्यावर मायला सगळं सांगितलं. ती शेतात निंदणी करून आली होती, पाय धूत होती. चुलतीच्या गाण्याचं ऐकून चिडेल असं वाटलं. ती चिडली नाही. तिने टाचांचा चिखल चोळून काढला. मग म्हणाली, "गानं ऐकं त्यासनी. तुनं काय ऐकं?"

माझं काय ऐकलं त्यांनी? मी तिच्या पायांवर पाणी ओतलं.

व्हिडिओ शिक्षकांच्या ग्रुपवर फिरला. शाळेचं नाव झालं म्हणून मुख्याध्यापकांनी पेढे आणले. मी पेढा खाल्ला.

दिवाळीनंतर धुळ्याला तसंच संमेलन ठरलं. केतकीताईंचा फोन आला. समारोप तुमच्याच गाण्याने करू म्हणाल्या. मी येते म्हणाले. गाण्याबद्दल काहीच बोलले नाही.

धुळ्यात तेच कार्ड पुन्हा लावलं. खोलीत तिघे आले आणि थोड्या वेळाने गेले. संध्याकाळी केतकीताईंनी मला पुढे बोलावून माईक हातात दिला. दोन्ही हातांनी माईक धरला.

मी म्हणाले, "मी गाणार नाही. मागच्या वेळी म्हटलं ते मयताचं गाणं होतं. तुम्ही टाळ्या वाजवल्या आणि मी हसले. सकाळी माझा एक विषय होता. तो आता बोलते."

केतकीताई जवळ येऊन हळू म्हणाल्या, "ताई, वेळ झालाय. लोकांना गाड्या पकडायच्यात."

"गाण्याला वेळ होता ना? तेवढाच घेते."

आणि सांगितलं. गुरुजी, वर्गाचं हसणं, फरशी, फ्रॉक. फ्रॉकापाशी आवाज फाटला. शंभर माणसांसमोर पुन्हा ओल्या कपड्यात उभी आहे असं वाटलं. लोक पायांकडे बघायला लागले. काही जण पिशव्या उचलून निघाले. मी थांबले नाही. सहा वर्षांची असताना ज्या शब्दांत विचारलं होतं, त्याच शब्दांत तो प्रश्न माईकवर विचारला. मग म्हणाले, ही माणसांचीच भाषा शे.

कुणी टाळी वाजवली नाही. केतकीताईंनी माईक घेतला, सगळ्यांचे आभार मानले आणि फोटोसाठी बाहेर बोलावलं. मी फोटोला गेले नाही. कुणी बोलवायलाही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज आला. वातावरण बिघडलं, असं व्यासपीठ वैयक्तिक दुःखासाठी नसतं. मी लिहिलं, बिघडलं ते बरं झालं. मुख्याध्यापक म्हणाले, पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला पाठवू. मी म्हणाले, पाठवा सर. मी रजा टाकून जाईन.

माझ्या वर्गात आता पोरं त्यांच्या बोलीत विचारतात आणि जातात. काही तर न विचारताच पळतात. पळू देते.

लाज गेलेली नाही. ग्रुपवर कुणी तो व्हिडिओ पुन्हा टाकला की अजून मान खाली जाते. मी तो पुसून टाकायला सांगणार नाही. राहू दे.

पुढचं संमेलन रावेरला आहे. मी नाव कळवलंय. विषय तोच.