सासूनं शिवी दिली!

नव्वदच्या दशकात एकदा नगरहून शेवगावला निघालेल्या एसटीत एक अनोळखी बाई सगळ्यांना पेढे वाटत होती.

"मुलगा झाला काय?" कंडक्टरनं विचारलं.

"न्हाई ओ, सासूनं शिवी दिली!"

सगळी गाडी हसली. तीही पदर तोंडात कोंबून हसत सुटली. मग माझ्या शेजारी टेकून सांगू लागली. आठवडाभर सासू तिला ओळखत नव्हती, भिंतीशी बोलायची. बाहेरचं लागलंय, असं सगळं गाव म्हणालं. शेवटी नगरच्या दवाखान्यात ठेवलं, तर डॉक्टरांना लघवीत जंतू सापडले. त्यानं म्हातारपणी मेंदूही बावचळतो, असं सांगून त्यांनी इंजेक्शनं दिली.

"आन् आज मला बघून म्हनल्या, 'भवाने, घरून माझं लुगडं आन. उशीर केलास तर बघ!'"

तिचं गाव आलं. उतरून ती रमतगमत चालू लागली.

"बाई, उशीर होईल!" मी खिडकीतून ओरडलो.

"होऊ द्या की! आनखी चार शिव्या मिळतील!"