शेवटच्या पंगतीतले मामा

मामा उपाशी गेले नाहीत.

आज वर्ष झालं आणि नातेवाईकांत अजून तेच बोललं जातं, म्हणून आधी हे सांगून टाकतो.

माझे मामा आधी मिलिटरीत सुभेदार होते. तिथून रिटायर झाले आणि महसूल खात्यात लागले. बरीच वर्षं सरगूरला. तीही नोकरी संपल्यावर मैसूरला, कुवेंपुनगरात घर.

त्यांच्या पलटणीत रीत होती. जवान आधी जेवणार, साहेब शेवटी.

वर्दी उतरली, रीत राहिली.

कुणाच्याही लग्नाला जा, हा माणूस शेवटच्या पंगतीला. मामी म्हणायची, "यांच्याशी लग्न केलं आणि जन्मभर सारू-भात खाल्ला बघ. होळगे आमच्यापर्यंत कधी पोचलेच नाहीत."

मामा म्हणायचे, "सारू बरा होता की."

(सारू म्हणजे आपलं सार, होळगे म्हणजे पुरणपोळी. देवराज मोहल्ल्यात एक बाई तव्यावरून थेट हातात देते, खोबऱ्याची पण असते... राहू दे, भरकटलो.)

आमच्या मैसूरमध्ये कुणी भेटलं की पहिला प्रश्न, "ऊट आय्ता?" जेवण झालं का. हाय-हॅलोसारखंच आहे ते, उत्तर कोणी ऐकत नाही.

मामा उत्तरासाठी थांबायचे. वर विचारायचे, "काय जेवलास?"

त्याचं कारण त्यांनीच एकदा बसस्टॉपवर सांगितलं होतं. सरगूरला असताना नदीला पूर आला. लोकांना शाळेत हलवलं, जेवणाची व्यवस्था मामांकडे. कोणीतरी म्हणालं, "सर, सगळ्यांचं झालं." मामा बसले, जेवले. हात धुवायला व्हरांड्यात आले तर एक म्हातारी, मांडीवर नात, बाजूला कोरडं ताट.

"मी ढेकर देत बाहेर आलो होतो रे," म्हणाले. एवढंच. मग बस आली.

तेव्हापासून "झालं" या शब्दावर विश्वास नाही. आधी डोळ्यांनी बघायचं, मग बसायचं.

मग ते विसरायला लागले.

आधी चष्मा, मग नावं, मग आपण रिटायर झालोय हेच. घर त्यांना पुराचा कॅम्प वाटायचं.

"लोक जेवले?"

"जेवले हो."

"कोणी बघितलं?"

आणि पानावर बसायचेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, वजन उतरतंय, काहीही करून खायला घाला.

मामीने डोकं चालवलं. सगळ्यांनी मामांसमोर बसून जेवायचं. वरच्या मजल्यावर पुण्याची प्राजक्ता भाड्याने राहते, वर्क फ्रॉम होमवाली. तीसुद्धा ताट घेऊन खाली यायला लागली. "काका, हे बघा, माझी पोळी संपली!"

मामा नजर फिरवायचे. "एक कमी आहे. तो फिरणारा."

तो म्हणजे मी. कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून माझं असंच, चार महिने इथे, दोन महिने तिथे. तेव्हा गोकर्णला एका हॉस्टेलमध्ये काम करत होतो.

मामीने व्हिडिओ कॉल लावला. मी कॅमेऱ्यासमोर अख्खा डोसा खाल्ला.

मामा म्हणाले, "हा फोटो आहे. माणूस कुठाय?"

दुसऱ्या दिवशी बस पकडली.

मग रोज तेच. आम्ही जेवायचो, मामा बघायचे, नंतर चार घास खायचे. कधी तेही नाही. "शाळेतले लोक राहिलेत," म्हणायचे.

अशात हुबळीहून मावशी आली. आईची आणि मामांची थोरली बहीण. नेमकी जेवणाच्या वेळी.

तिने काय बघितलं? आम्ही तिघं जेवतोय. आणि तिचा भाऊ, हाडं दिसतायत, समोर रिकामं ताट.

"अय्यो! आजारी माणसाला समोर बसवून गिळताय? घशाखाली उतरतं कसं?"

मी तोंड उघडलं. मामीने नुसतं बघितलं माझ्याकडे. बंद केलं.

संध्याकाळी मावशी गेली. मग घरोघरी फोन. भावजय जेवायला घालत नाही म्हणे.

दुसऱ्या दिवशी मामीने स्वतःचं ताट घेतलंच नाही.

मामांच्या लगेच लक्षात आलं. "तू?"

"मला नको."

"का?"

"तुम्ही जेवल्याशिवाय आता मी जेवणार नाही. साकू, पुरे झालं मला."

मामांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मीही ताट सरकवलं. प्राजक्तानेही.

"म्हणजे माझ्यामुळे लोक अडलेत?"

"हो."

"मग आधी सांगायचं नाही का? वाढ."

सारू, भात, तूप. परत भात मागितला. मामी वाढत होती आणि आम्ही दोघं येड्यासारखे बघत बसलो होतो.

पुढे जेवढे दिवस मिळाले, तेवढे दिवस मामा आमच्याआधी जेवले. अंगाला काही लागलं नाही, आजार फार पुढे गेला होता. पण गेले त्या दुपारीसुद्धा जेवून आडवे झाले होते.

मावशीने हे बघितलंच नाही. ती आधीच हुबळीला परतली होती.

मामी आजही कुणाला काही सांगत नाही. "जाऊ दे रे, तिचा भाऊ होता."

म्हणून मी लिहितोय. मावशी, तू हे वाचशील. मामीला एक फोन कर.

आज पान वाढलंय. होळगे आहेत, पहिले, गरम. आम्ही सगळे बाजूला उभे आहोत, कोणालाही घाई नाही.

मामा, सावकाश होऊ द्या.