रत्नम्माची येळवस

आमच्या हिरेगावात रत्नम्मा कुंभारणीच्या तोंडाला न भिणारा माणूस मी पाहिला नाही. पाटील भ्यायचे, माझे वडील कल्लप्पा, म्हणजे आमचे अप्पा, भ्यायचे, आणि तिचा नवरा मडिवाळप्पा तर इतका भ्यायचा की त्यानं बोलणंच जवळजवळ सोडून दिलं होतं. तो चाकावर मडकं चढवायचा, ती थापटण्यानं ठोकून त्याला पोट आणायची आणि ठोकता ठोकता गावातल्या एकेकाचा उद्धार करायची. तरी तिच्या अंगणात बायकांची रीघ असे. मडकं घ्यायला आलेली बाई तासभर टेकायची आणि हसून हसून डोळे पुसत घरी जायची. कुणी मडक्याबद्दल शंका काढली, तर रत्नम्मा ते उलटं घालून स्वतः वर उभी राहायची. अंगानं ती चांगली भरलेली होती. मडकं फुटल्याचं मला आठवत नाही. शंका काढणारी बाई मात्र पुन्हा शंका काढत नसे.

सोलापूर आमच्यापासून पाच कोसांवर. गिरण्या जोरात होत्या, गावातली निम्मी तरणी माणसं तिकडंच कामाला. मीही एका गिरणीत कारकून होतो आणि शनिवारी संध्याकाळी गावी यायचो. एकदा हौसेनं अव्वासाठी, म्हणजे आईसाठी, जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, चकचकीत पातेलं आणलं. रत्नम्मा ओट्यावरच बसली होती. तिनं ते हातात घेतलं, बोटानं वाजवलं आणि म्हणाली, "शिवपुत्रा, माझं मडकं बोलतंय रं. ह्ये तुझं नुसतंच बोंबलतंय." अव्वानं त्याच दिवशी ते पातेलं म्हशीला आंबोण घालायला काढलं. माझे त्यात किती पैसे गेले याची कुणी चौकशीही केली नाही.

पण मला सांगायची आहे ती साल सत्तावीसची येळवस. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडं येळवस म्हणतात. त्या दिवशी सगळं गाव घरांना कड्या घालून शेतात जातं. ज्वारी हुरड्यात आलेली असते, हरभऱ्याला घाटे लगडलेले असतात. शेतात कडब्याची कोप उभी करायची, आत पाच दगडांना चुना लावून पूजा मांडायची, शेताला चहूबाजूंनी आंबील शिंपडायची आणि मग जेवायला बसायचं. साऱ्या हिरव्या शेंगा-दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, शेंगेची पोळी, गव्हाची खीर. ताकात ज्वारीचं पीठ घालून आंबवलेली आंबील मात्र नव्या मडक्यातच लागते. ज्याचं शेत नाही त्यालाही कुणीतरी हाताला धरून आपल्या शेतात नेतंच. मी रजा मागितली तेव्हा गिरणीतल्या साहेबानं विचारलं, "कसली अमावास्या?" मी समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे जेवण्यासाठी रजा?" मी म्हटलं, "होय साहेब." खोटं कशाला बोला?

आमच्या गावची आणखी एक रीत होती. दुसरीकडं ती आहे की नाही मला ठाऊक नाही. आंबिलाचं मडकं जिच्या हातचं, त्या कुंभारणीनं पहिला घोट घ्यायचा, मग घरच्यांनी. अप्पा म्हणत, मडकं कच्चं निघालं तर पहिली माती तिच्या पोटात जावी म्हणून वाडवडिलांनी ही रीत घातली. रत्नम्माची मडकी तीस-बत्तीस घरांत जात. म्हणजे येळवशीला तिला तीस-बत्तीस शेतं गाठावी लागत. सूर्य वर आला की ती पदर खोचून निघायची, बांधाबांधानं पळायची, प्रत्येक ठिकाणी ओंजळ पुढं करून घोट घ्यायची, घरच्या सुनेच्या भज्जीला नावं ठेवायची आणि पुढं पळायची. ती आधी कुणाकडं गेली यावरून पाटील आणि आमचे अप्पा वर्षभर धुसफुसायचे.

इतक्या शेतांत मान असलेल्या या बाईला स्वतःचं बोटभर शेत नव्हतं. ती परतताना लोक तिच्या पदरात उंडे टाकत, हरभऱ्याचा डहाळा देत. ती घ्यायची आणि देणाऱ्याची थट्टा करत निघून जायची. एकदा मात्र ती अव्वाजवळ बोलून गेली. "वैनी, सगळी मला 'ये' म्हणत्यात. मला बी कवातरी कुणाला तरी 'ये' म्हणावं वाटतंय की." अव्वानं ते मला सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

तळ्याच्या काठाला कुंभारखाण होती. मडक्यांच्या मातीसाठी गावानं कुंभारांना पिढ्यान्‌पिढ्या दिलेला खड्डा. दोन-तीन वर्षं तळ्याचा गाळ येऊन तो अर्ध्याहून जास्त भरला. मडिवाळप्पा दुसऱ्या अंगानं माती काढू लागला, आणि रत्नम्मानं कुणाला न सांगता त्या गाळात हरभरा टोकला, कडेनं ज्वारीची चार तासं, म्हणजे चार ओळी, घातली. सारं मिळून तीन गुंठे. पण काळा गाळ आणि खालून ओल, हरभरा असा तरारला की बघत राहावं.

येळवशीला आठ दिवस असताना ती डोक्यावर मडकी घेऊन घरोघर आली. सगळीकडं एकच बोलणं. आमच्या दारातही तेच म्हणाली. "मडकं घ्या, आंबील करा. पण औंदा मी कुणाकडं येणार न्हाय. औंदा माझं शेत हाय. तुमीच माझ्याकडं यायचं, समद्यांनी."

अप्पा पान लावत बसले होते. ते मोठ्यानं हसले. "खड्ड्यात कसली येळवस, रत्नम्मा? पाय घसरून पडायला यायचं व्हय?"

मी उत्तराची वाट बघत राहिलो. रत्नम्माला कुणी एक बोल लावावा आणि तिनं चार परत करू नयेत, असं कधी घडलं नव्हतं. त्या दिवशी घडलं. तिनं मडकं खाली ठेवलं, चुंबळ उचलली आणि गेली. अव्वानं अप्पांकडं अशी नजर टाकली की त्यांचा चुना जास्त लागला आणि तोंड पोळलं. मला बरं वाटलं.

बाकीच्या घरांतही असंच हसणं झालं असणार. कुणी तिचं बोलणं मनावर घेतलं नाही. येळवशीला आपलं शेत सोडून कुणी उठतो का? आणि रत्नम्मा काय, म्हणते खरी, पण वेळेला येईलच पळत.

अमावास्येला आम्ही सकाळीच शेतात गेलो. पूजा झाली, आंबील शिंपडून झाली. मडक्याच्या तोंडावर पांढरं फडकं बांधलेलं. मग आम्ही बसलो. सूर्य डोक्यावर आला. भज्जीचा वास सुटला होता आणि माझ्या पोटात आग पडली होती. अप्पा पाचव्यांदा बांधावर जाऊन वाट बघून आले.

"पाटलाकडं आदी गेली असंल," ते म्हणाले. "त्यानंच अडकवून ठेवली असणार."

"अप्पा, ती येणार नाही म्हणाली होती."

"म्हणती लई."

"मग आपण घेऊ या की एकेक घोट."

"आन् मडकं कच्चं निघालं तर?" अप्पांनी मलाच दरडावलं. मडक्याची भीती कुणाला होती! वाडवडिलांची रीत आपल्या हातून मोडायला ते धजत नव्हते, एवढंच. अव्वा गप्प बसून हरभरा सोलत होती. अव्वा गप्प असली की आमच्या घरात काहीतरी ठरत असतं.

तेवढ्यात धुळा धनगर मेंढरं मागं सोडून आमच्या शेतात आला. धुळा दर येळवशीला दहा ठिकाणी जेवायचा आणि अकराव्या ठिकाणी पोट दुखतं म्हणून सांगायचा. आज त्याचं तोंड सुकलेलं.

"हितं बी न्हाय व्हय जेवला?" तो कपाळाला हात लावून म्हणाला. "सकाळधरनं सात शेतं झाली. कुटंच कोण जेवंना. पाटील म्हणत्यात कल्लप्पानं अडकवली, तुमी म्हणणार पाटलानं. आन् ती बया खाणीत बसलीया, नवऱ्याला घिऊन. पन्नास माणसाचं रांधलंय. एक माणूस फिरकलं न्हाय."

अव्वानं विचारलं, "काय म्हणाली रं तुला?"

"काय बी न्हाय. म्हणलं, समदी तुझ्यापायी उपाशी हायती, ऊठ. तर नुसती बघत बसली. वैनी, मला शिवी बी दिली न्हाय तिनं."

 तीस वर्षं या बाईनं कुणाच्या शेताला नाही म्हटलं नव्हतं, आणि आम्हाला तिच्या तीन गुंठ्यांपर्यंत पाय उचलवेना. हाकेच्या अंतरावर ती पन्नास माणसांचं रांधून बसली होती आणि आम्ही इथं मानपानाचा हिशेब करत होतो.

अव्वा उठली. पदराची चुंबळ केली, मडकं डोक्यावर घेतलं.

"कुटं?" अप्पा म्हणाले.

"जेवायला."

"आन् आपलं शेत?"

"त्ये कुटं पळून जातंय व्हय?" अव्वा चालायला लागली. बांध ओलांडताना वळून म्हणाली, "खीर घिऊन या. समद्यांना पुरवायचं लई हुईल तिला एकटीला."

 अप्पांनी खिरीचं भांडं उचललं, खांद्यावर घोंगडं टाकलं आणि निघाले. धुळा आमच्या पुढं पळत सुटला. प्रत्येक बांधावर उभा राहून तो ओरडत होता, "कल्लप्पाण्णा निघालं! मडकं घिऊन निघालं!" अप्पा निघाले म्हटल्यावर पाटलांना बसवतंय कुठलं? ते आमच्याआधी पोचायला धावले.

आम्ही तळ्याच्या काठाला आलो तेव्हा रत्नम्मा आमच्याकडं पाठ करून बसली होती. हातभर उंचीची कडब्याची कोप, आत चुना लावलेले पाच दगड, समोर झाकून ठेवलेल्या परातींची रांग. मडिवाळप्पानं आम्हाला पाहिलं आणि तो बोलला.

"आली," तो म्हणाला.

रत्नम्मा वळली. अव्वा मडकं घेऊन काठावरून खाली उतरत होती. पलीकडून पाटलांची सून, तिच्या मागं आणखी दोन मडकी, तळ्याच्या बंधाऱ्यावरून चार, चिंचेकडून पाच. चारी बाजूंनी पांढऱ्या फडक्यांची मडकी खाणीकडं चालत येत होती. रत्नम्मा उठायला गेली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. "बर्री, बर्री," ती कानडीत म्हणायला लागली, "या, बर्री, बसा," आणि पुढचं तिला सुचेना. तिला कधी काही सुचलं नाही असं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग सुचलं. पहिल्या घोटावरून पाटील आणि अप्पा यांची जुंपली तेव्हा ती कंबरेवर हात ठेवून ओरडली, "माझ्या शेतात माझा हुकूम! वैनीनं पयलं पाऊल टाकलं, वैनीचं मडकं पयलं. बाकीच्यांनी रांगंत!" पाटील रांगेत उभे राहिले. तिनं ओंजळ पुढं केली, अव्वानं वरून आंबील ओतली, तिनं घोट घेतला आणि मान हलवली. असे एकतीस घोट. विसाव्या घोटाला तिनं पोटावर हात फिरवला, पण एकही मडकं चुकवलं नाही.

मग तिनं वाढलं. कुलकर्णी शिजलेलं घेणार नाहीत हे तिला माहीत होतं, त्यांच्यासाठी बोरं आणि ऊस वेगळा ठेवला होता. कुलकर्णी निमूट ऊस सोलत बसले आणि भज्जीच्या परातीकडं असे बघत राहिले की मला त्यांची दया आली आणि हसूही आलं. बाकी सगळ्यांनी पानावर ताव मारला. पन्नासांच्या रांधपात दीडशे माणसं बसली, पण ज्यानं त्यानं आपलंही आणलं होतं, काही कमी पडलं नाही. अप्पांच्या पानात तिसरा उंडा टाकताना ती म्हणाली, "पाय घसरला न्हाय न्हवं, अण्णा?" खाणीत जो हशा पिकला तो तळ्याच्या पलीकडं गेला असेल. अप्पाही हसले. तोंड भरलेलं होतं म्हणून त्यांना दुसरं काही करता येण्यासारखंही नव्हतं.

उन्हं कलल्यावर लोक उठले. मडकी रिकामी होऊन परत निघाली. मी अव्वासाठी मागं थांबलो आणि तेव्हा माझं लक्ष जमिनीकडं गेलं. तीन गुंठ्यांत दीडशे माणसं बसायची म्हणजे बसणार कुठं? हरभऱ्याचं एक रोप उभं नव्हतं. सगळं गाळात आडवं, घाटे पायाखाली चिरडलेले. ज्वारीच्या चार तासांतली तीन मोडली होती, कणसं पोरांनी केव्हाच फस्त केली होती. पेरल्यापासून तिनं जपलेलं पीक आम्ही एका जेवणात मातीत घातलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी," मी म्हटलं, "पीक सगळं तुडवलं की गं आमी."

रत्नम्मानं कमरेवर हात ठेवून चहूकडं पाहिलं. एकतीस घोटांनी तिला नीट उभंही राहवत नव्हतं.

"व्हय," ती म्हणाली. "शेत हाय म्हणून तुडवलं. खड्डा कोण तुडवतंय?"

एवढं बोलून ती त्या आडव्या हरभऱ्यात बसली आणि पदरानं डोळे पुसू लागली.  मग म्हणाली, "बघत काय ऱ्हायलास? त्या पराती घे आन् तळ्यावरनं घासून आण." मी गिरणीतला कारकून, धोतर खोचून पराती घासायला गेलो.