सासूसमोर सासूवरची कविता

मंडळी, आज दुपारी आमच्या महिला मंडळाच्या कवितावाचनात माझ्या हट्टापायी एका घरात भांडण लागायचंच बाकी होतं.

उचगावची सुजाता पहिल्यांदाच कविता म्हणणार होती, तीही सासूवर. ऐनवेळी सासूबाई हौसेनं सोबत आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. सुजाता रडवेली झाली. "मॅडम, माझं नाव काढा की. मला परत त्याच घरात जायचंय!"

"नाव दिलंयस ना? मग म्हणायचं," मी दरडावलं.

ती उभी राहिली. कशीबशी पहिली ओळ आली, "माझी पहिली भाकरी सासूनं फेकून दिली..."

"फेकली न्हाय, म्हशीला घातली!" सासूबाई जागेवरून ओरडल्या. "आणि जरा मोठ्यानं म्हण की, मागं ऐकू जात न्हाय!"

हॉलभर हशा पिकला. सुजाताही हसली आणि मग असा खणखणीत आवाज लागला, की माईकची गरज उरली नाही. मध्येच बोलणाऱ्याला मी बाहेर काढते. आज काढलं नाही.

कविता संपल्यावर सासूबाई माझ्याकडे आल्या. "बाई, पुढच्या येळी माझं नाव घ्या. सुनंवर लई मोठी कविता हाय माझ्याकडं."

तुमची कविता ज्याच्यावर आहे, त्याच्यासमोर उभं राहून म्हणाल का? खरं सांगा.