स्काऊट कृपादान

सेहेचाळीस साली कृपादान ब्रह्मदेशातून राहात्याजवळच्या आपल्या वाडीवर परतला, तो एक इंग्रजी शब्द घेऊन. स्काऊट. पलटणीच्या पुढं एकट्यानं जायचं, नाला-झाडी बघायची आणि माघारी येऊन साहेबाला सांगायचं, हे त्याचं काम. रुमाल बांधून कवायत करणाऱ्या शाळेतल्या पोरांनाही स्काऊटच म्हणतात, असा खुलासा मास्तरांनी केला आणि शब्दाची उरलीसुरली पत गेली. बैल घ्यायचाय? कृपादानला पुढं पाठवा. मामलेदार कचेरीत आहेत का? कृपादान बघून येईल. तीन वर्षं जीव मुठीत धरून चाललेल्या माणसाचा वाडीनं पार हरकाम्या करून टाकला. आणि हा गडीही असा, की मनात चरफडायचा आणि वहाणा घालून निघायचा.

आई तो लढाईवर असतानाच वारली होती. तिशी आली तरी त्याच्या लग्नाचा विषय कुणी काढीना. एक दिवस चुलत्यानं त्याला बोलावलं, ते विल्सनसाठी, म्हणजे स्वतःच्या मुलासाठी, प्रवरेपलीकडच्या योसेफ सुताराची दीना बघून यायला.

दीनानं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि सरळ विचारलं, "तुमीच का नवरदेव?"

"न्हाई. म्या पुढं बघाया आलोय."

"मग तुमच्यासाठी कोन जातं बघाया?"

ती हसली. कृपादाननं उचललेला तांब्या परत खाली ठेवला. असं त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

परतताना सबंध वाट तो स्वतःशी भांडत आला. पोरगी भांडखोर आहे एवढं म्हटलं असतं तरी चुलत्यानं नाद सोडला असता. पण पलटणीतल्या हवालदारानं घोटून घेतलं होतं, दिसलं ते सांगायचं, वाटलं ते सांगायचं नाही. त्यानं सांगितलं, घर नीटनेटकं, मानसं सरळ, पोरगी हुशार.

"आनखी काय?" चुलत्यानं विचारलं.

"काय न्हाई."

रिवाजाप्रमाणे चर्चमध्ये तीन रविवार विल्सन-दीनाचं लग्न पुकारलं गेलं. कुणाची हरकत असेल तर त्यानं बोलावं, असं पाळकसाहेब दर खेपेला म्हणायचे. पहिल्या दोन रविवारी कृपादान खाली बघत बसला आणि घरी जाऊन स्वतःला शिव्या घालत राहिला. तिसऱ्या रविवारी मात्र तो उभा राहिला. सगळं चर्च मागं वळलं. चुलत्याचा चेहरा उतरला.

"बोल, कृपादान," पाळकसाहेब म्हणाले.

दीनाचं नाव अगदी ओठांवर आलं होतं.

"वऱ्हाडाच्या वाटंत नदी हाय," तो म्हणाला. "पानी किती, म्या पुढं जाऊन बघून येतो."

लोकांनी समाधानानं माना डोलावल्या. कृपादान खाली बसला. लग्नाच्या दिवशी गाड्या जुंपायच्या आत तो नदीवर पोचला होता. पाणी गुडघाभर होतं. माघारी येऊन त्यानं तसं सांगितलं.