धोंड्याच्या सालचं नागपूर

दर वर्षी दसऱ्याला आमच्या बौद्धवाडीतनं नागपूरला गाडी जायची आणि दर वर्षी आमच्या घरातनं त्या गाडीत कुणी बसायचं नाही. एका साली वाऱ्यानं पडवीचे पत्रे उडाले. एका साली नवऱ्याचं गोडाऊनमधलं काम सुटलं. एका साली मुलीची कॉलेजची फी आली. आणि ज्या साली हातात चार पैसे होते, त्या साली शेतात भात उभं होतं. माझी सासू गाडीपाशी जायची, बायकांच्या हातात भाकरीचं गाठोडं द्यायची, दीक्षाभूमीवर आमच्या नावानं एक मेणबत्ती लावा म्हणायची आणि घरी येऊन विळा हातात घ्यायची. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे बघत होते. मला त्या मेणबत्तीचा राग यायचा.

आमचं गाव किन्हवलीच्या बाजूला, शहापूरपासूनही लांब आणि मुरबाडपासूनही. नवरा हायवेवरच्या गोडाऊनमध्ये कामाला, ज्या दिवशी हजर त्या दिवसाचा पगार. मी घरी ब्लाऊज शिवते. शेत म्हणाल तर एक तुकडा, पण वर्षाचा तांदूळ त्यातनं निघतो आणि आमच्या घराचा सगळा डोलारा त्या तांदळावर आहे. तांदूळ घरचा असला की तेल-मीठ, लाइटबिल, मुलीचा लोकलचा पास हे मी कसंही ओढून नेते. तांदूळ विकत आणायची वेळ आली की माझे हात टेकतात.

त्या तुकड्यात आम्ही कायम हळवं भात लावायचो. हळवं म्हणजे लवकर पिकणारं, आणि ते पिकतं नेमकं दसऱ्याच्या आसपास. पिकलेलं भात कुणासाठी थांबत नाही. दाणा झडायला लागतो, वरनं जाता जाता पाऊस एक फटका मारून जातो आणि आडवं पडलेलं भात जागेवर उगवतं. म्हणून सासूचं नागपूर दर वर्षी बांधावर अडायचं.

त्या साली मात्र संक्रांतीलाच मी पदर खोचला. सासूचे गुडघे बोलायला लागले होते. ओटीच्या पायऱ्या चढताना ती भिंत धरायची आणि मी बघते आहे असं दिसलं की उगाच भिंतीवरचं जळमट काढल्यासारखं करायची. अजून दोन पावसाळे गेले की हिला गाडीत चढवायची सोय राहणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी आम्हा दोघींच्या जागा धरल्या आणि गाडी काढणाऱ्या वाडीतल्या मंडळाच्या खजिनदाराकडे दर महिन्याला थोडे थोडे पैसे द्यायला लागले. मुद्दाम दिले. घरात ठेवले असते तर त्यांना पाय फुटले असते. खजिनदाराला बजावून ठेवलं, की मी स्वतः रडत आले तरी परत द्यायचे नाहीत.

मग सुरू झाली कात्री. जयंतीला नवी साडी नाही. मोबाइलचा रिचार्ज एकट्या मुलीचा, तिच्या अभ्यासासाठी. आम्ही दोघं मिस्ड कॉलवर. आगोट, म्हणजे पावसाळ्याच्या आधी भरायचा किराणा, मसाला, सुकी मासळी, ती निम्म्यावर आणली. नवरा जेवताना बोंबील शोधायचा, मी त्याच्या ताटात टाकळ्याची भाजी वाढायची. मुरबाडला माहेरी जायचं म्हणजे नुसतं एसटीचं तिकीट नसतं, भाच्यांना खाऊ आला, भावजयीला ब्लाऊजपीस आला, म्हणून जयंतीलाही गेले नाही. भावाचा फोन आला, सासूला नागपूर आणि भावाला साधं मुरबाड पण नाय का? मी म्हटलं, तुला एसटी दिसत नाय का, तू ये. आणि आला की तो, सुकटीची भली मोठी पिशवी घेऊन. आगोट निम्मी आणल्याचं त्याला कुणी सांगितलं ते मला आजवर कळलेलं नाही, पण माझा संशय नवऱ्यावर आहे.

एवढं सगळं केलं आणि वर मी हुशारी केली. म्हटलं, हळवं दसऱ्याला आडवं येतं ना? मग हळवं लावायचंच नाही. त्या साली मी निमगरव्याचं बी आणलं. निमगरवं हळव्याच्या मागून, दोन-तीन आठवड्यांनी पिकतं. दसऱ्याला नागपूर करून यायचं आणि निवांत कापणीला लागायचं. सासूला हे पटलं नव्हतं, पण माझ्या तोंडाला कोण लागणार?

बांधापलीकडे आमच्या शेजारणीचं शेत आहे. आम्ही तिला काकी म्हणतो. तिच्या घरी देव, सोवळं, उपास-तापास, भिंतीवर तिथीवारांचं कॅलेंडर. आमच्या भिंतीवर बाबासाहेबांचं कॅलेंडर. त्यात पौर्णिमा असतात, जयंती असते, बाकी तिथ्यांशी आम्हाला काय करायचं? त्या पावसाळ्यात काकीकडे जावई आला, तिनं त्याला वाण दिलं, अनारसे केले. धोंड्याचा महिना होता. चार अनारसे आमच्याकडेही आले. मी चवीनं खाल्ले आणि तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

धोंड्याचा महिना म्हणजे अधिकचा महिना. तो मध्ये घुसला की पुढचे सगळे सण लांबतात. खजिनदार शेवटचा हप्ता घ्यायला आला आणि त्यानं गाडी निघायची तारीख सांगितली, तेव्हा मी बोटांवर आठवडे मोजले. दसरा पार पुढे गेला होता, बरोबर माझ्या निमगरव्यावर. आधीसारखं हळवं लावलं असतं तर तोवर कापून, झोडून घरात आलं असतं. काकीनं हळवंच लावलं होतं.

त्या संध्याकाळी सासूनं माझी समजूत काढली, ह्याचाच मला जास्त राग आला. ती चुलीपाशी बसून भाकरी थापत होती. शांतपणे म्हणाली, "माज्या आयनं पन त्या पयल्या साली भातच कापलं. बाप गेला नागपूरला, दीक्षा घेऊन आला. मी कडंवर व्हते. शेत सोडून दोघांना कसं जाता येल? आय मरंस्तोवर सांगायची, मी नाय बगितलं. मी पन कापीन. नागपूर कुटं पळून जातंय?"

हे ती मला पहिल्यांदाच सांगत होती. एवढी वर्षं एका घरात काढली, एका चुलीवर भाकऱ्या केल्या, पण हे तिनं कधी काढलं नव्हतं. मला रडू आलं आणि रडू आलं की मी भांडते. मी म्हटलं, "आत्या, आयचं झालं, तुमचं झालं. माज्यावर नको. तुमी गाडीत बसनार."

पण भात कोण कापणार? नवरा दिवसभर गोडाऊनला. तो एकटा कापून किती कापणार? वाडीतली धडधाकट माणसं नागपूरच्या गाडीत. मजूर लावायचे तर नागपूरचे पैसे परत मागायला हवेत, आणि ते द्यायचे नाहीत असं मीच सांगून बसले होते. माझी सोय मीच बंद करून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी काकीकडे गेले. आमच्याकडे सावड चालते, म्हणजे मी तुझ्या शेतात राबायचं, तू माझ्या शेतात, मजुरीचं नाव काढायचं नाही. पण सावड सहसा आपापल्या वाडीत, आपापल्या माणसांत होते. काकीच्या घरी आणि आमच्या घरी वाटीची देवघेव होती, सावड कधीच नव्हती. मी तिच्या ओटीवर बसले आणि सरळ सांगितलं की तुमचं हळवं मी कापते, अख्खं. माझं निमगरवं तुम्ही कापा. काकीनं आधी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाली की दसऱ्याला त्यांच्याकडे विळे-कोयते पुजतात, पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी लागू. मला तेवढं पुरे होतं.

ब्लाऊजचा धंदा खरा दसरा-दिवाळीचा. त्याच दिवसांत मी काकीच्या शेतात वाकलेली. सकाळी विळा, संध्याकाळी मशीन. बोटांना भाताची पानं कापलेली, त्यात सुई टोचायची. दोन गिऱ्हाइकं तुटली, एकीचा गळा मी उलटा शिवला आणि तिनं मला नको नको ते ऐकवलं. ऐकून घेतलं. सासू नागपूर राहू दे म्हणेल म्हणून मी घरात कण्हतही नव्हते. ती मात्र रोज बांधावर येऊन बसायची आणि मी कापून टाकलेल्या पेंढ्या बांधायची. काकीचं हळवं घरात गेलं तेव्हा आमचं निमगरवं नुकतं पिवळं पडत होतं. त्याच्याकडे पाठ करून मी बॅगा भरल्या.

गाडी निघाली. सासूनं पांढरी साडी जपून ठेवली होती, ती तिथं पोचल्यावर नेसली. गर्दी अशी, की मी तिचा हात माझ्या ओढणीनं माझ्या मनगटाला बांधला. रांगेत तिचे गुडघे दोनदा बसले, दोनदा ती उठली. मी पाणी दिलं की प्यायची, पुढे सरका म्हटलं की सरकायची. स्तूपाच्या आत पोचलो तेव्हा तिनं हात जोडले आणि हळूच म्हणाली, "आये, मी आले गो." बास. मी तोंड दुसरीकडे फिरवलं.

बाहेर आल्यावर नवऱ्याचा फोन आला. मिस्ड कॉल नाही, पूर्ण फोन, म्हणजे काहीतरी बिनसलंच असणार. तो गोडाऊनवरून बोलत होता. शहापूरकडे आभाळ काळं झालंय, वारा सुटलाय, पाऊस येणार. मी विचारलं, भात? तो म्हणाला, उभंच असेल, आज दसरा ना. मी फोन ठेवला आणि त्याची बॅटरीही तिथंच संपली. वर्षाचा तांदूळ डोळ्यांपुढनं गेला. सासू मेणबत्त्यांपाशी बसली होती, गावात राहिलेल्या एकेका बाईच्या नावानं एकेक लावत होती. मी तिला काही सांगितलं नाही. परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर निवांत झोपली आणि मी मनातल्या मनात ठरवत गेले की मशीन रेटायची, दिवाळीचे सगळे ब्लाऊज घ्यायचे, मुलीच्या पासला हात लावायचा नाही आणि तांदूळ विकत घ्यायचा. गेलं तर गेलं. आत्या जाऊन आली ना.

गावात उतरल्यावर रस्ता ओला होता. मी बॅग घरी न टाकता तशीच शेताकडे गेले. शेत रिकामं होतं. धसकटं तेवढी उभी, त्यांत पाणी साचलेलं. मला वाटलं, वाहून गेलं की काय! मग मागोमाग आलेला नवरा म्हणाला, आधी घरी चल. आमच्या पडवीत छतापर्यंत भारे रचलेले होते, वरनं प्लास्टिक, खालनं फळ्या. भात कोरडं होतं.

दोन दिवसांनी झोडणीला बसलो तेव्हा सासूच्या हाताला पेंढीत काहीतरी लागलं. झेंडूची पाकळी होती. दुसऱ्या पेंढीत आणखी दोन. एका पेंढीच्या बंधाला कुंकवाचं बोट उमटलेलं. सासू पाकळ्या तळहातावर घेऊन बघत राहिली. मग उठली, भिंत न धरता उठली, नागपूरहून आणलेली संत्री पदरात घेतली आणि बांध ओलांडून काकीकडे गेली. मी मागोमाग.

काकीनं आधी उडवून लावलं. मग सांगितलं की सकाळी विळे पुजले, दुपारी आभाळ आलं. घरात सगळे नको म्हणत होते. तिनं पाटावरचे विळे उचलले, फुलांसकट, आणि मुलांना शेतात हाकललं. पाप लागलं तर माझ्या माथी, म्हणाली. संत्रं सोलत सोलत मग सहज बोलल्यासारखी बोलली, "मला वनीला जायाचंय गो, देवीला. नवरात्रात. लगीन झाल्यापासून जायाचंय. ह्या हळव्यानं पाय धरलेत."

मी काही बोलायच्या आत सासूच म्हणाली, "पुडच्या साली तुमचं आमी कापू. तुमी जा."

घरी येताना मी विचारलं, आत्या, गुडघे? ती म्हणाली की कापायचं तू, बांधायचं मी. आणि मला वर सांगितलं की बी घ्यायच्या आधी काकीचं कॅलेंडर बघून ये.

ते बघूनच या वर्षीचं सगळं आखलं. पुन्हा निमगरवं लावलं, ते अजून हिरवं आहे. ब्लाऊज आधीच उरकलेत, आगोट पूर्ण भरली, मुरबाडलाही जाऊन आले. आज सकाळी काकी घरच्या सगळ्यांना घेऊन पहिल्या एसटीनं वणीला गेली. जाताना तिनं घराची किल्ली सासूच्या हातात दिली. आम्ही तिच्या शेतात आहोत. ऊन चढलंय, भात चांगलं पिकलंय. सासू बांधावर बसून पेंढ्या बांधतेय आणि दर थोड्या वेळानं मान वर करून मला विचारतेय, "पोचली असंल का गो?"

मी म्हणते, "पोचंल. तुमी हात चालवा, आत्या."