बाबांना तिसऱ्यांदा खाली घेतले

वाचनालयातल्या मित्रांनो, आज ६ मार्च १९५५. सकाळी सात वाजता मी बाबांसाठी पेज गाळत होतो. घशाच्या कॅन्सरमुळे त्यांना तीही गिळवत नाही.

अचानक त्यांचा श्वास अडकला. शेवट आला समजून आम्ही त्यांना तिसऱ्यांदा खाटेवरून सारवलेल्या जमिनीवर घेतले, तोंडात तुळशीपत्र ठेवले. श्वास परत आला. तोवर चामोर्शीहून डॉक्टर पोचले.

“तीनदा वरात काढून परत आणलं मले,” बाबा पुटपुटले. “डाक्टरसाहेब, सुई देऊन मोकळं करा.”

डॉक्टर म्हणाले, “भाऊ, मला तुरुंगात टाकतील. तसा कायदा नाही.”

“मंग बनवा ना! मरणाऱ्याले कोनी इचारत काऊन नाई?”

मी त्यांना उचलून खाटेवर ठेवले. तुळशीपत्र त्यांनी अजून गालात धरून ठेवले आहे.

असा कायदा असावा का? बाबांना मी काय सांगू?